बैलाऐवजी आलेली जोडी

बाबा म्हसाच्या जत्रेला बैल आणायला गेले आणि स्पीकर घेऊन आले. आमच्या घरात ही गोष्ट आईने इतक्यांदा आणि इतक्या रागाने सांगितली आहे, की ती तिनेच रचली असावी असं कुणालाही वाटेल. पण मी तेव्हा बाबांबरोबर होते. शहापूरच्या कॉलेजात अकरावीला होते आणि जत्रेपायी दांडी मारली होती. आमच्या जोडीतला एक बैल दिवाळीच्या सुमारास गेला होता. दुसरा गोठ्यात एकटाच उभा राहून दिवसभर दावं ओढायचा. बैल बघायचा, दात बघायचे, चालवून बघायचा आणि उन्हं कलायच्या आत घरच्या, आटगावच्या वाटेला लागायचं, असं आईने बजावून पाठवलं होतं. पारख करायला म्हणून बाबांनी पांडूकाकांना बरोबर घेतलं आणि तिथेच सगळं बिनसलं. पांडूकाका गावच्या भजनात पेटी वाजवायचे आणि बाबा भजनाचे बुवा. दोघं एकत्र आले की बैल काय, घरदारही विसरायचे.

बाबांचं आधी सांगायला हवं. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर होते. कारखाना बंद पडला तेव्हा कायमचे गावी आले आणि येताना तो प्रेस कानात घेऊन आले. "अजून वाजतो गो," असं म्हणायचे. घरात आम्ही त्यांच्याशी ओरडूनच बोलायचो. ती सवय मला अशी चिकटली, की आज पन्नाशी उलटल्यावरही नवरा म्हणतो, "अगं हळू, मी शेजारीच बसलोय." मी हळू बोलायला जाते आणि मग मला बोलावंसंच वाटत नाही. तर बाबांना एकच धास्ती होती. भजनात पुढची जागा बुवाची. पेटी काय सांगते, मागून ओळ धरणारे झीलकरी कुठल्या सुरात उचलतात, हे ज्याला ऐकू येत नाही त्याने तिथे बसायचं नाही. ही जागा त्यांना थोरल्या बुवांनी, म्हणजे त्यांच्या गुरूंनी, साऱ्या गावासमोर दिली होती. कान गेले की ती जाणार हे बाबांना ठाऊक होतं, म्हणून कान जाताहेत हे ते कबूलच करत नव्हते. दोष आमच्या टेपरेकॉर्डरचा होता. थोरल्या बुवांच्या एका भजनाची कॅसेट त्यांच्याकडे होती, देवळात कुणीतरी भरून घेतलेली. ओळ उचलण्याआधी बुवा नाकाने लांब श्वास ओढायचे आणि त्या श्वासावर मागचे सावध व्हायचे. बाबा कित्येक वर्षं त्या श्वासामागे बसले होते. आता कॅसेटमध्ये तो येत नाही, म्हणजे टेपरेकॉर्डर बसलाय, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला तो बारीक का होईना, येत होता. आम्ही गप्प बसायचो.

जत्रेत एका बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवण्यापर्यंत आला होता. नेमकं तेव्हाच पांडूकाका म्हणाले, "बुवा, मुरबाडला आमच्या सायबाच्या घरी दोन स्पीकर हायेत, ईकायला काढलेले. फॉरेनचे. त्यात मानसानं आवंढा गिळला तरी ऐकू येतो." बाबांनी रुमालाखालचा हात काढून घेतला. बैलवाला आ वासून बघत राहिला. तासाभराने आम्ही मुरबाडला त्या घराच्या पायरीवर चपला काढत होतो.

पांडूकाका ज्या कंपनीत होते तिथले ते साहेब आदल्या वर्षी वारले होते. त्यांच्या बाई शांत होत्या, पण तो शांतपणा कंटाळ्याचा होता. दिवाणखान्यात माझ्या कमरेएवढे दोन लाकडी खोके उभे होते, पुढे काळं जाळीचं कापड, मागे मनगट जाईल एवढं गोल भोक. बाबा त्यांच्याभोवती फिरले. बोटाच्या पेराने कुशीवर ठोकलं. एक कोपरा उचलून वजन बघितलं, जाळी काढून आतल्या कागदी पडद्याला तीन बोटांनी हलकेच दाबलं, मागच्या भोकाला नाक लावून वासही घेतला. बैल बघावा तसंच सगळं चाललं होतं आणि मला लाजेने कुठे तोंड लपवू असं झालं होतं. मग त्यांनी बाईंना विचारलं, "खोड काय हाय ह्यांच्यात?"

बाईंना कळलं नाही. पांडूकाकांनी समजावलं, की आमच्याकडे जनावर विकणाऱ्याने त्याची खोड आधी सांगायची असते. मारका असेल, पाण्यात बसत असेल, जू टाकत असेल, जे असेल ते. लपवून विकलं तर पुढच्या जत्रेत तोंड दाखवता येत नाही. बाई पहिल्यांदाच थोड्या हसल्या.

"खोड यांच्यात नाही हो. ती ऐकणाऱ्याला लागते," त्या म्हणाल्या. "आमचे हे दर दोन दिवसांनी यांची जागा बदलायचे. एका जागी बसून गाणं पुरं ऐकलंय, असं मला आठवत नाही."

"जुना माल हाय. टिकंल ना?" पांडूकाकांनी विचारलं.

"मला काय माहीत? यांचं मी कधी काही बिघडलेलं बघितलं नाही. बिघडली ती माणसं."

बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी खिशातून कॅसेट काढली. हो, बैल आणायला जातानाही ती खिशात होती. बाईंनी लावली. सुरुवातीची खरखर झाली, टाळ झाला, पेटीने सूर धरला आणि बुवांनी श्वास ओढला. बाबांनी हात वर केला, सगळ्यांना थांबवल्यासारखा. "आला," ते म्हणाले, आणि डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही. बैलाचे पैसे तिथेच दिले. स्पीकरसोबत बाईंनी साहेबांचा ॲम्प्लिफायर आणि डेकही देऊन टाकला.

आईने अंगणात बैलाच्या स्वागताची थाळी तयार ठेवली होती. पाण्याचा तांब्या, हळदकुंकू, भाकरतुकडा. पेंढ्याचा एक टेम्पो शहापूरकडे येत होता, त्यात पेंढ्याखाली स्पीकर निजवून आम्ही आलो. टेम्पो दारात थांबला. आई पुढे आली. मग ती टेम्पोच्या मागे जाऊन बघून आली.

"बैल?"

"फुडच्या जत्रेला आनू."

"आनि ह्यांना काय घालू? पेंढा?"

बाबा पेंढा बाजूला सारून खोके उतरवू लागले. सजवलेली थाळी तशीच घरात परत न्यायची नसते. आईने दात-ओठ खात दोन्ही खोक्यांच्या बुडाशी तांब्यातलं पाणी ओतलं, कुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि जी आत गेली ती आठवडाभर बाबांशी बोलली नाही. त्या पाण्याने एका खोक्याचा तळ फुगला. तो फुगवटा अजून आहे. आज ते स्पीकर आसनगावला माझ्या घरात आहेत आणि फुगलेल्या बाजूला मी पुठ्ठ्याची घडी सारलेली आहे. माझा भाचा अधूनमधून फोन करून विचारतो, मावशी, जुने भारी स्पीकर घ्यावेत का, किती टिकतात. मी त्याला सांगते, घे, पण पाणी ओतू नकोस. पुढचं सांगायला बसले तर त्याला वेळ नसतो.

मुरबाडच्या बाई खरं बोलल्या होत्या. त्या दिवसापासून आमचं घर एका जागी राहिलं नाही. स्पीकर ओटीवर ठेवले, माजघरात आणले, तिरके केले, खाली लाकडी पाट सारले, पाट काढले. मी शेण सारवलेल्या जमिनीवर अभ्यासाला बसले की बाबा म्हणायचे, "ऊठ गो जरा, तू आवाजाच्या वाटेत बसलीस." भाकरी तव्यावर असताना आईला हाक जायची, एक बाजू धर म्हणून. ती पिठाच्या हातांनी यायची, त्या काळ्या कापडावर पांढरी बोटं उठायची, आणि मग त्यावरून भांडण. मीही त्यांचीच पोर. शेवटी शेवटी मीच म्हणू लागले, बाबा, डावा जरा मागे घ्या. चैन अशी कुणालाच पडत नव्हती.

पहिल्या पावसाळ्यात मात्र आवाज बिघडला. घुमायला लागला, रिकाम्या हंड्यात बोलल्यासारखा. बाबांनी तारा बदलल्या, डेक पुसला, मुरबाडला जाऊन बाईंना विचारून आले. काही उपाय चालेना. दिवाळी आली, मळणी झाली, भाताची पोती नेहमीसारखी माजघराच्या मागच्या भिंतीला थरावर थर लागली, आणि त्याच संध्याकाळी आवाज एकदम गोळीबंद झाला. बाबा पोत्यांकडे बघत उभे राहिले. मग त्यांना उलगडलं. स्पीकर आणले तेव्हा भिंत पोत्यांनी भरलेली होती. जसजसा आम्ही भात खात गेलो, तसतशी भिंत उघडी पडली आणि आवाज घुमू लागला. त्यांनी लगेच कायदा केला. मागच्या रांगेला हात लावायचा नाही.

"भात खायला पिकवतात का ऐकायला?" आईने विचारलं.

"जुना तांदूळ फुलतो गो. ठेवला तर बरंच हाय."

"फुलंल. पाखरं होतील त्यात, मंग ती पन गातील."

हे भांडण पुढे दर श्रावणात झालं. डब्यातला तांदूळ तळाला जायचा, भिंतीला पोती उभी, आणि बाबा दुकानातून पिशवीत तांदूळ घेऊन यायचे. कष्टाने पिकवलेलं भात घरात असताना विकतचा तांदूळ चुलीवर चढवायचा, याचा आईला इतका राग यायचा की ती तो निवडायचीही नाही. गिरणीवाला तिला वाटेत विचारायचा, "काय वहिनी, औंदा भात नाय झालं का?" ती घरी येऊन तांब्या आपटायची.

उभ्या पोत्यांना उंदीर आले आणि उंदरांना स्पीकरच्या मागचं भोक सापडलं. आईने लुगड्याचं जुनं धडपं घेऊन दोन्ही भोकं गच्च बुजवली. बाबा शेतावरून आले, हातपाय धुतले, कॅसेट लावली आणि पहिल्या ओळीलाच म्हणाले, "कोनी हात लावला?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. मला त्या दिवशी केवढा आनंद झाला होता. कान चांगले आहेत, जागा जात नाही, असं मला वाटलं. धडपं काढलं, भोकांना बारीक जाळी ठोकली. भजनात बाबा पुढच्या जागेवर ताठ बसायचे. कॅसेटमधला श्वास रोज ऐकल्यामुळे तेही आता तसाच श्वास ओढू लागले होते, आणि झीलकरी त्यावर उचलत होते.

दिवस असेच गेले. माझं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न होऊन मी आसनगावला गेले. स्पीकर चालत होते. विजेचा दाब वरखाली व्हायचा, ॲम्प्लिफायरमध्ये मुंग्यांनी घर केलं, डेकचे पट्टे दोनदा बदलले, पण त्या दोन खोक्यांना काही झालं नाही. बदलत बाबाच होते. आवाज वाढवू लागले होते. इतका, की मी माहेरी यायचे तेव्हा वळणावरच थोरल्या बुवांचं भजन ऐकू यायचं. एकदा मी आले तर आईने मला चुलीपाशी ओढून नेलं आणि हलकेच म्हणाली, "जाळी सडली म्हनून मी परत धडपं कोंबलं होतं. पंधरा दिस झालं. त्यांनी ईचारलं नाय." आई हलक्या आवाजात बोलू शकते, हे मला तेव्हा कळलं. मग ती उठली, बाबा गोठ्याकडे गेलेले बघून तिने धडपं काढून चुलीत घातलं, आणि दोघींनी मिळून नवी जाळी ठोकली. बाबांना आम्ही काही सांगितलं नाही.

त्या गणपतीत जे व्हायचं ते झालं. पाटलांच्या ओटीवर भजन होतं. बाबांनी दुसरा अभंग उचलला तो पेटीच्या सुराला सोडूनच. पांडूकाकांनी पटकन आपली पट्टी बदलून सांभाळून घेतलं, पण झीलकऱ्यांचा गोंधळ झाला आणि मागे दोन-तीन पोरं हसली. बाबांनी हसणं ऐकलं नाही, बघितलं. घरी येताना ते भरभर पुढे चालत होते. ओटीवर पाय ठेवताच सुरू झाले. पेटी उतरली आहे. हवा दमट आहे. आणि मुख्य म्हणजे स्पीकर गेलेत. हल्ली त्यात श्वास येत नाही, नुसती फरफर येते. रोज चुकीचा सूर कानावर पडला तर माणूस चुकणारच.

"कान दाखवा," आई म्हणाली. इतक्या वर्षांत कुणी हे शब्द उच्चारले नव्हते.

बाबा थांबले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. "आदी स्पीकर तपासायचे," ते म्हणाले. "ते चांगले निघाले, तर कान दाखवीन. मंग पांडूनं दुसरा बुवा बघावा."

मी चार दिवस राहायला आले होते, तर दुसऱ्याच दिवशी जाळीचं कापड काढलं. कागदी पडद्याच्या कडेला फोमची गोल पट्टी असते, तिच्यावर तो पडदा हलतो. मी तिला नुसतं बोट लावलं आणि तिचा भुगा झाला. काळपट, चिकट, ओल्या राखेसारखा. दुसऱ्या स्पीकरचंही तेच. फरफर खरीच होती. मी घाबरून बाबांकडे बघितलं, तर ते हसत होते. सगळ्यात लाडकी वस्तू मोडलेली बघून माणूस इतका खूश झालेला मी तेव्हाच बघितला. "बघ," ते आईला हाक मारत म्हणाले, "ये, बघ. सडलेत. मी काय सांगत व्हतो?" चिमटीत तो भुगा घेऊन ते पांडूकाकांच्या घरी गेले, वाटेत भेटेल त्याला दाखवत. आई दाराला टेकून त्यांच्या पाठमोऱ्या अंगाकडे बघत राहिली.

पडदे काढून मी कल्याणला नेले. हळदीच्या डीजेंचे फाटके स्पीकर बांधून देणारा एक माणूस तिथे होता. त्याने भुग्यावर फुंकर मारली आणि म्हणाला, "फोमचं आयुष्यच एवढं. वापरा नाहीतर कपाटात ठेवा, तो कुजणारच. बाकी माल एकदम कडक आहे ताई, रबराची कड लावून देतो, तुम्हाला पुरून उरेल." मी त्याला विचारलं, बारीक आवाज, म्हणजे कुणाचा श्वास वगैरे, तो या कडेमुळे जातो का? तो म्हणाला, "नाही, बारीक आवाज वरच्या छोट्या स्पीकरमधून येतो. तो ठीक आहे. फरफरीखाली दबत असेल, तेवढंच." हे मी घरी सांगितलं नाही. रजा वाढवली आणि थांबले.

ते दिवस फार वाईट गेले. बाबा अंगणात येरझारा घालायचे, गोठ्यात जायचे, परत यायचे, उघड्या खोक्यांत वाकून बघायचे. वर पोत्यांचा प्रश्न होताच. डब्यातला तांदूळ संपत आला होता, आईने हट्टाने दुकानाचा आणायचा नाही असं ठरवलं होतं, आणि बाबांनी बजावलं होतं की स्पीकर बसवून तपासेपर्यंत एक पोतं हलता कामा नये, नाहीतर परीक्षा खोटी होईल. आई भांडली. पण तिच्या भांडणात नेहमीचा जोर नव्हता.

रविवारी दुपारी पडदे बसवले. पांडूकाका आले. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. त्यांनी दोन्ही खोके मोजून जागेवर सरकवले, पोत्यांकडे एकदा बघून घेतलं आणि समोर खुर्चीत पुढे वाकून बसले. मी कॅसेट लावली. खरखर झाली, टाळ झाला, पेटीने सूर धरला. फरफर नव्हती. आणि बुवांनी श्वास ओढला. मला तो इतका स्वच्छ आला की नकळत मी दाराकडे बघितलं. पांडूकाकांनी डोळे मिटले. पुढच्या ओळीआधी तो पुन्हा आला.

बाबांनी मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. उठून एक खोका वीतभर पुढे ओढला. बसले. पुन्हा उठले, वाकून जाळीला कान लावला, तसेच राहिले. दोन ओळी गेल्या. मग वर बघून त्यांनी मला विचारलं, "श्वास येतोय का गो?"

खोटं बोलणं जमलं असतं. पण त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते, ओठांवर.

"येतोय, बाबा."

"सगळ्या ओळींना?"

"सगळ्या."

त्यांनी पांडूकाकांकडे बघितलं. पांडूकाकांनी मान हलवली आणि ते पोत्यांकडे बघू लागले. बाबा खुर्चीत जाऊन बसले. कॅसेटची ती बाजू संपेपर्यंत ते उठले नाहीत, काही सरकवलं नाही, मान कलती केली नाही. हात मांडीवर ठेवून नुसते समोर बघत होते. कॅसेट खटकन थांबली. मग म्हणाले, "स्पीकर चांगले निघाले. खोड नाय ह्यांच्यात."

आई माजघराच्या दारात उभी होती. बाबा तिच्याकडे वळले.

"भात काढ गो. मागची रांग पन काढ. उद्या गिरनीवर टाकू."

आईने पदराने हात पुसले. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "घाई काय हाय? डब्यात तांदूळ हाय अजून."

डब्यात तांदूळ नव्हता. सकाळीच मी तळ खरवडून पेज टाकली होती.